आधी माफी, मग स्क्रू

सर टेलिफोनवरसुद्धा वाकून बोलत. पलीकडचा माणूस ख्राइस्टचर्चला असो की आणखी कुठे, सरांची कंबर 'थँक यू'च्या आधीच वाकायला लागे आणि रिसीव्हर ठेवेपर्यंत त्यांचं कपाळ टेबलाला टेकायच्या बेतात असे. समोरच्याला दिसतच नाही तर वाकायचं कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ताठ उभं राहून बोललं की आवाजही ताठ येतो, असं त्यांचं म्हणणं. मी घरी जाऊन नवऱ्याशी तसं बोलून पाहिलं. तो म्हणाला, पोटात दुखतंय का?

ऑकलंडमध्ये माउंट वेलिंग्टनला, मोठ्या शॉपिंग सेंटरच्या मागच्या रस्त्यावर आमचं सर्व्हिस सेंटर होतं. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. टीव्हीला जोडून खेळायची व्हिडिओ गेमची यंत्रं, डीव्हीडी प्लेअर, असलं सगळं आमच्याकडे दुरुस्तीला येई. पुढे काउंटरवर मी, मागे वर्कशॉपमध्ये सर. मी पुण्याहून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन आले होते आणि 'न्यूझीलंडचा अनुभव नाही' म्हणून काउंटरवर उभी होते. सर जपानहून आले होते आणि त्याच कारणासाठी मागे सोल्डरिंग करत बसले होते.

मूळचे ते ठाण्याचे. तरुणपणी एका जपानी कंपनीत लागले आणि उमेदीची सगळी वर्षं तिकडच्या एका लहान गावात काढली. कंपनी चिप्स बनवायची. जगभर खपलेल्या एका गेमच्या यंत्रात पडद्यावर चित्र उमटवायचं काम त्यांची चिप करायची. सरांचं खातं म्हणजे त्या चिपला वरून काळं प्लास्टिकचं आवरण चढवणारं खातं. "आम्ही शिंपी," ते सांगत. "आत काय असायला हवं ते मोठ्या लोकांनी ठरवायचं. आम्ही कोट शिवायचा." पुढे काकूंना, म्हणजे त्यांच्या मिसेसना, इंग्रजी बोलणाऱ्या देशात म्हातारं व्हायचं होतं. म्हणून ते कोट शिवायचं सोडून इकडे आले.

येताना जपान बरोबर घेऊन आले, ही खरी पंचाईत.

वर्कशॉपच्या दाराशी ते बूट काढत. बुटांसाठी त्यांनी स्वतः एक फळी ठोकली होती. आत वेगळ्या सपाता आणि संडासात जायच्या त्याहून वेगळ्या. आमचा मॅनेजर बारा महिने हाफपँट आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून येई आणि तसाच आत घुसे. सर काही बोलत नसत. तो गेला की फडकं घेऊन फरशी पुसत. मॅनेजरला ते कधी कळलं नाही आणि कळलं असतं तरी तो 'स्वीट ॲज', म्हणजे इथलं 'झकास', म्हणाला असता. मी काउंटरवरून मागच्या टेबलावर जायचं कधी, असं विचारलं तरी तो 'स्वीट ॲज' म्हणे, आणि मी काउंटरवरच राही.

प्रत्येकाच्या नावाला सर जपानी पद्धतीनं 'सान' लावत. माझ्या ठसठशीत देशस्थी आडनावाला सान लागलं की ऐकणारा वळून बघे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला 'अहो-जाहो'. डब्यातला वरणभात ते चमच्यानं खात, पण पोहे मात्र जपानी काड्यांनी. आधी शेंगदाणे, मग बटाटा, मग पोह्यांचा एकेक घास निगुतीनं उचलत. जेवणाची सुट्टी संपली तरी त्यांचे पोहे संपत नसत. काड्यांनी खाल्लं की पोह्यांत काय काय घातलंय ते नीट कळतं, म्हणायचे.

आणि यंत्र उघडण्याआधी दोन्ही हात मांडीवर ठेवून ते त्या यंत्रापुढे मान झुकवत आणि जपानीत काहीतरी पुटपुटत. तिकडे कुणाच्या घरात शिरताना म्हणतात म्हणे ते: आत येतोय, त्रास देतोय, माफ करा. मग स्क्रूड्रायव्हर उचलायचा. "आधी माफी, मग स्क्रू," हे त्यांचं ब्रीद होतं. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, पार्सल उशिरा पोचलं, पाऊस पडून कुणाची गाडी काउंटरपासून लांब राहिली, सगळ्याला ब्रीद तेच.

चहाच्या वेळी बाकीची मंडळी त्यांची नक्कल करत. एक जण बिस्किटांच्या डब्यापुढे वाकून त्याची माफी मागे आणि मग झाकण उघडे. वाईट मनानं नाही, गंमत म्हणून. मी हसत नसे, पण उठूनही जात नसे. बिस्कीट चहात बुडवून ते कधी मोडतं ते बघत बसे. परक्या देशात आपल्या माणसाचं हसं झालं की त्याची कळ आपल्याला लागते. त्यातून सर माझ्याशी मराठीत बोलत, तेही मोठ्यानं, त्यामुळे आम्ही एकाच मुलखातले हे लपवायची सोय नव्हती. मी बापडी 'हॅलो'चं 'किया ओरा' करून, हसताना दात किती दाखवायचे ते शिकून, इथल्यांसारखी दिसायची खटपट करत होते, आणि हे आपले दिवसभर वाकतायत. मला त्यांची लाज वाटे. शाळेच्या फाटकाशी वडील टोपी घालून उभे राहिले की वाटते ना, तशी साधी, सरळ लाज.

मग तो हिवाळा आला.

इथली घरं लाकडी. बाहेरून बघायला सुरेख, आणि हिवाळ्यात आतून बाहेरपेक्षा गार. सकाळी खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळत असतं. ते टॉवेलनं टिपायचं आणि टॉवेल पिळायचा, हे आमचं उठल्यावरचं पहिलं काम. सासूबाईंनी पाठवलेल्या पापडांना बुरशी आली होती, नवऱ्याच्या लग्नातल्या बुटांनाही आली होती. इथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. थंडी वाजतेय तर आणखी एक जर्सी घाल, म्हणतात.

त्या हिवाळ्यात गेमची यंत्रं येऊ लागली ती सगळी एकाच रोगाची. सुरू केलं की चित्रावर उभे पट्टे, थोड्या वेळानं सगळा पडदा हिरवा. सरांनी पहिलं यंत्र उघडलं आणि भिंग लावलं. त्यांच्याच त्या चिपचे बारीक पाय काळ्या आवरणात शिरतात, नेमका तिथे गंज चढला होता.

"कोटाची शिवण उसवली हो," ते म्हणाले.

आवरणाला ओल सोसते की नाही, ही परीक्षा त्यांच्याच खात्यानं घेतली होती. गरम, दमट हवेत चिप ठेवून बघायची, जपानमधल्या उन्हाळ्यासारखी. त्यात ती पास झाली होती. पण थंडगार ओल्या घरात कार्पेटवर पडून राहायचं, खेळताना तापायचं, मग पुन्हा गारठायचं, ही परीक्षा कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. माणसं घराच्या आत इतक्या थंडीत राहत असतील असं आम्हाला वाटलंच नाही, असं ते मला पुन्हापुन्हा सांगत. जसं काही मीच जाब विचारत होते.

सरांनी हे सगळं जपानला आपल्या जुन्या कंपनीला कळवलं. उत्तर आलं ते असं की यंत्र ग्राहकाच्या घरातल्या ओलीनं बिघडलं आहे, सबब वॉरंटी लागू नाही. कंपनीनं चूक कबूल केली असती तर नव्या चिप्स आल्या असत्या आणि सरांनी त्या बसवून दिल्या असत्या. कबूल केली नाही, तर यंत्र मेलं. मॅनेजरनं त्या उत्तराचं एक वाक्य करून माझ्या हाती दिलं. येईल त्याला मी म्हणायचं: तुमच्या घरात ओल आहे.

वाक्यात खोटं काही नव्हतं. ओल होतीच. पण ते ऐकताना माणसांचे चेहरे कसे होतात ते मी उभी राहून बघत होते. यंत्रं घेऊन येणारी बरीचशी माणसं आसपासच्या सरकारी नाहीतर भाड्याच्या घरांतली. ती चिडत नसत. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती शरमत. आपल्या घरातली न दाखवायची गोष्ट कुणीतरी भर दुकानात पाहिली, असा तो चेहरा असे. ते मॉडेल बाजारातून जाईपर्यंत मी ते वाक्य म्हणत राहिले. आजही काचेवर पाणी दिसलं की ते माझ्या तोंडात येतं.

एकदा सामोआ बेटांकडची एक बाई आली, आजीच्या वयाची. फुलाफुलांचा झगा, वर लोकरी जाकीट. नातवाचं यंत्र तिनं स्वच्छ टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. मी वाक्य म्हटलं. मागे रांगेत माणसं होती. बाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाली, आम्ही रोज खिडक्या उघडतो. रोज पुसतो. माझं घर स्वच्छ आहे.

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

तेवढ्यात सर बाहेर आले. वर्कशॉपच्या सपाता त्यांनी कधी उंबऱ्याबाहेर आणल्या नव्हत्या, त्या दिवशी त्या पायांत तशाच होत्या. काउंटरला वळसा घालून ते बाईसमोर उभे राहिले आणि कमरेत वाकले. पार खाली. तसेच वाकून इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, तुमच्या घराची काही चूक नाही. चूक आमची आहे."

आमची म्हणजे कुणाची? कंपनी त्यांनी केव्हाच सोडली होती. सर्व्हिस सेंटरचा तर यात काही संबंधच नव्हता. रांगेतला एक माणूस हसू दाबत होता. माझे कान तापले. वाटलं, आता उठतील, आता उठतील, पण ते आपले फरशीकडे बघत वाकलेलेच. शेवटी त्या बाईनंच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. रडणाऱ्या पोराला थोपटावं तसं थोपटलं आणि म्हणाली, असू दे, असू दे. मग यंत्र पुन्हा टॉवेलात गुंडाळून घेऊन गेली. तिला द्यायला आमच्याकडे काही नव्हतं. ना चिप, ना यंत्र.

मॅनेजरनं सरांना बोलावून समजावलं की असं बोललं की लोक तेच शब्द धरून भांडायला येतात. सरांनी त्याचीही वाकून माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गिऱ्हाइकापुढे पुन्हा वाकले.

पुढे पुढे ते लोकांच्या घरी जाऊ लागले. जपानमध्ये मोठी चूक झाली की साहेब मंडळी सूट घालून, गोडाचा खोका घेऊन गिऱ्हाइकाच्या दाराशी जातात म्हणे. सर सुट्टीच्या दिवशी बेसनाचे लाडू घेऊन जात. काकूंनी वळलेले, खोक्यात भरून वर मोठ्या रुमालाची गाठ मारलेली. एकदा त्यांची गाडी बंद पडली होती म्हणून मला बरोबर यावं लागलं. जवळच्या ओटाहूहू उपनगरातल्या एका घराशी मी गाडी थांबवली. सरांनी टाय नीट केला, खोका दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि फाटक उघडलं. कुत्रं भुंकलं. पडदा हलला. खिडकी बोटभर उघडून आतून एक बाई, त्यांना धर्मप्रचारक समजून, म्हणाली की आमचं चर्च आहे, आम्हाला दुसरं नको. सर तिथूनच खिडकीपुढे वाकले. समोरच्या हिरवळीवर मुलं रग्बीचा चेंडू घेऊन उभी होती, ती बघतच राहिली. मी गाडीतून उतरले नाही. नकाशा उलगडला आणि त्यात तोंड घातलं.

"घेतले का लाडू?" परत येताना मी विचारलं.

"पायरीवर ठेवले. कुत्र्यानं खाऊ नयेत म्हणजे झालं."

काकूंना या सगळ्याचा वैताग आला होता. बेसन भाजून माझा हात भरून येतो, त्या म्हणाल्या. आणि मग जे बोलल्या ते मला तेव्हा नुसतं विनोदी वाटलं. "अगं, तिकडे हे वाकायचे तेव्हा समोरचाही वाकायचा. दोघं वाकायचे, दोघं उठायचे, विषय संपायचा. इथे कुणी वाकत नाही, म्हणून यांना उठताच येत नाही. पाठ धरलीय ती त्यानं."

गणपतीत मराठी मंडळी एका शाळेच्या हॉलमध्ये जमत. तिथे एका डॉक्टरांच्या मुलाचं यंत्र असंच गेल्याचं सरांना कळलं. आरती झाली, लोक प्रसादाला वळले आणि हे त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलासमोर वाकले. मुलगा इंग्रजीत आईला विचारू लागला की हे अंकल काय करतायत. डॉक्टर मोठ्यानं हसले. अहो, ते टाकून देऊन आम्ही नवीन आणलंसुद्धा, म्हणाले. हॉलभर हशा झाला. मी खिरापत वाटत होते. मला एकदम कागदी डिश कमी पडल्याचं आठवलं आणि मी आत निघून गेले. आतून ऐकू आलं, सर म्हणत होते, "टाकून दिलंत? अरेरे. मग तर मोठीच चूक झाली."

तक्रारी इतक्या वाढल्या की शेवटी जपानहून माणूस येणार असं ठरलं. नाव कळलं आणि सरांचा चेहरा उजळला. येणारा त्यांचा जुना ज्युनियर निघाला. सरांच्या हाताखाली तो सोल्डरिंग शिकला होता. त्यांच्या घरी येऊन सोया सॉस घालून थालीपीठ खायचा. त्याचे वडील गेले तेव्हा त्याच्या गावी सर रात्रभर त्याच्याजवळ बसून राहिले होते. आता तो मोठा साहेब झाला होता. त्याला काही सांगावं लागणार नाही, तो नुसतं भिंगातून बघेल आणि समजेल, असं सर येईल त्याला सांगत सुटले. चिप्स येणार हे त्यांनी मनाशी धरूनच टाकलं. गंज चढलेली सगळी यंत्रं त्यांनी पुसून, फळीवर ओळीनं मांडून ठेवली.

त्या दिवशी सर सूट घालून आले. जपानमधला काळा सूट. कपाटात राहून त्याच्या खांद्यावर पांढरट बुरशीचे ठिपके आले होते. काकूंनी घासून पाहिले होते, पण पुरते गेले नव्हते. मीटिंगच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात आपला बेत सांगितला. मी आधी वाकणार, ते म्हणाले. मी कोण? कंपनी सोडलेला, बाहेरचा माणूस. तो माझा ज्युनियर. मी वाकलो की त्याला माझ्याहून खाली वाकावंच लागतं. ती रीतच आहे. आणि तो वाकला म्हणजे कंपनी वाकली. मग चिप्स आपोआप येतात. कुणाला दोष द्यायला नको, भांडायला नको.

सांगताना ते अगदी खुशीत होते. मला आत बसायला मिळालं ते टिपणं घ्यायला.

ज्युनियर पन्नाशीकडे झुकलेला, रेखीव भांग, फार दमलेला दिसत होता. सरांना पाहून त्याचे डोळे क्षणभर हलले, एवढंच. खुर्चीवर बसून त्यानं समोरचे कागद सरळ केले आणि इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. चिप सर्व परीक्षांत पास आहे. या देशातल्या घरांची अवस्था ठरवून दिलेल्या मर्यादेच्या बाहेर आहे. मॅनेजर मान डोलावत होता. त्यानं त्या दिवशी हाफपँटवर टाय लावला होता.

सर उठले. सूटची बटणं लावली. "चिप माझ्या खात्यात तयार झाली," ते इंग्रजीत म्हणाले. "अशा घरांचा विचार आम्ही केला नाही. ही आमची चूक आहे. मी माफी मागतो." आणि ते वाकले. इतके खाली वाकलेले मी त्यांना कधीच पाहिले नव्हते.

ज्युनियर उठून उभा राहिला. मी त्याच्याकडे बघत होते. त्याचे हात मांडीला चिकटले, मान किंचित पुढे झाली. मग त्याची नजर मॅनेजरकडे गेली, टेबलावरच्या कागदांकडे गेली, आणि मान तिथेच थांबली. "खुलाशाबद्दल धन्यवाद," तो म्हणाला आणि खाली बसला.

सर वाकलेलेच. त्यांना वाटलं असेल, अजून वेळ आहे. खोली गरम करणारा हीट पंप घरघरत होता. ट्यूबलाइटच्या उजेडात त्यांच्या खांद्यावरचे पांढरे ठिपके स्वच्छ दिसत होते. मॅनेजर म्हणाला, नो वरीज, मेट, बसा आता. सर बसले नाहीत. मॅनेजर माझ्याकडे वळून म्हणाला, लिहून घे, आमचा टेक्निशियन मान्य करतो की चूक त्याची होती. त्यानं चेष्टा केली नाही. त्याला खरोखरच तसं वाटलं. जो माफी मागतो त्याची चूक, हे त्याला शाळेपासून माहीत होतं.

तसं नव्हतं हे त्या खोलीत तीन माणसांना ठाऊक होतं. एक वाकलेला, एक बसलेला, आणि एक मी, हातात पेन घेतलेली. मला लाज वाटली. पण ती सरांची लाज नव्हती, हे तेव्हाही मला कळत होतं. सर हळूहळू, पाठीवर हात ठेवून सरळ झाले. कुणाकडेही न बघता बाहेर गेले.

दुपारी मॅनेजरनं त्यांना सांगितलं की तुम्ही गिऱ्हाइकांना भलतंच सांगत होतात हे आता तुम्हीच कबूल केलंय, तेव्हा उद्यापासून येऊ नका. फार गोड शब्दांत सांगितलं. सरांनी आपल्या सपाता, भिंग आणि पोह्यांच्या काड्या पिशवीत भरल्या. दाराशी ठोकलेली बुटांची फळी काढायला लागले तेव्हा मॅनेजर म्हणाला, राहू दे, छान आहे. मग तो त्याच फळीवर जँडल्स घातलेले पाय ठेवून बसला.

ज्युनियरची टॅक्सी आली तेव्हा मी दार धरून उभी होते. तो माझ्यापाशी थांबला, मोबाइलमध्ये काहीतरी शोधत. "त्यांना सांगाल का," तो अगदी हळू म्हणाला, "मला वाईट वाटतं म्हणून?" मी म्हटलं, ते आत्ताच बस स्टॉपवर गेलेत, इथून दिसतायत, तुम्हीच सांगा. त्यानं काचेतून तिकडे पाहिलं. मग घड्याळ पाहिलं आणि टॅक्सीत बसला. टॅक्सी स्टॉपवरूनच गेली. वेग कमी झाला नाही.

मी धावत स्टॉपवर गेले. शाळा सुटली होती. युनिफॉर्ममधली मुलं, कामावरून परतणाऱ्या बायका, बरीच गर्दी होती. सर त्या काळ्या सुटात पिशवी छातीशी धरून एका कडेला उभे होते. मी धापा टाकत निरोप सांगितला. त्याला वाईट वाटलं, सर. त्यानं माफी मागितलीय.

सरांचा चेहरा बदलला. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"किती वाकला?"

खोटं बोलायचं तर हातानं उंची दाखवावी लागली असती. एवढी, किंवा एवढी. माझा हात उठला नाही.

"म्हणजे वाकला नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी सूटची बटणं लावली. "उद्यापासून काउंटरवर तुम्ही एकट्या. ते वाक्य तुम्हाला एकटीला म्हणावं लागणार. मागून बाहेर यायला मी असणार नाही. माफ करा मला."

आणि ते माझ्यासमोर वाकले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, माउंट वेलिंग्टनच्या बस स्टॉपवर, माझ्यापुढे.

मुलं कुजबुजायला लागली. कुणीतरी शिटी मारली. एक बाई माझ्याकडे अशी बघत होती की मी या म्हाताऱ्याचं काय केलं असेल. सर, उठा, मी म्हटलं. सर, प्लीज. ते उठेनात. उठणार कसे? मला रीत माहीत होती. त्यांच्याहून खाली कुणीतरी गेल्याशिवाय त्यांना वर येता येणार नव्हतं. आणि कमरेत ते इतके खाली होते की त्याच्याखाली जायचा एकच मार्ग मला येत होता, घरी शिकवलेला. मी गुडघे टेकले आणि त्यांच्या पायांना हात लावला.

आदरानं केलं असं मला म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. आदर नंतर आला, खूप नंतर. त्या क्षणी मला एवढंच हवं होतं की लोक बघतायत ते थांबावं, हा प्रकार संपावा आणि मला घरी जाता यावं.

सरांचा हात माझ्या डोक्यावर आला. "झालं," ते वरून म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतकं समाधान होतं की मला ते सहन होईना. "झालं हो. वाकलं कुणीतरी."

त्यांची बस आली. दार उघडल्याचं ऐकू आलं, दार लागल्याचं ऐकू आलं. मी वर पाहिलं नाही. बुटाची नाडी सुटल्यासारखं करत मी तिथे तशीच खाली बसून राहिले.